बांडीची डावी बाजू

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली बाई विचारते, "तुम्ही नोकरीत काय करत होता?"

मी म्हणते, "फोटो काढत होते."

"अय्या, लग्नाचे?"

"नाही, गायींचे."

मग ती बाई एकदा माझ्याकडे बघते आणि एकदा माझ्या नवऱ्याकडे. नवरा अशा वेळी ताटातल्या जिलेबीकडे बघत राहतो. इतक्या वर्षांत त्याला सवय झाली आहे. आडनाव गायकवाड असल्यामुळेच मला ही नोकरी लागली, हा विनोद मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आत मीच करून टाकते.

खरं सांगायचं तर मला गायी आवडत नव्हत्या. आम्ही नगर शहरातले. अहिल्यानगर झालं तरी तोंडात नगरच येतं, त्याला इलाज नाही. वडिलांनी हातात कॅमेरा दिला तो भीमजयंतीच्या मिरवणुकीचे फोटो काढायला. पुढे दूध संघाच्या जनावर नोंदणी विभागात फोटो काढता येणारं माणूस हवं होतं, तिथं चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले, तेही विभागप्रमुख म्हणून. विभाग म्हणजे मी, एक कॅमेरा, एक कॉम्प्युटर आणि एक जीप. जीप बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या तरी कामावर असायची. कामाच्या पहिल्याच दिवशी एका गायीने माझ्या कॅमेऱ्याची काच शिंगापासून शेपटीपर्यंतच्या सगळ्या जिव्हाळ्याने चाटून काढली होती. त्या दिवशी मी घरी येऊन राजीनामा लिहिला आणि दुसऱ्या दिवशी द्यायला विसरले.

गायीचा फोटो कशाला लागतो, हे आधी सांगते. गायीच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर नंबर. तो नंबर म्हणजे तिची ओळख. पण बिल्ला कुंपणात अडकून तुटतो, कान चिघळला तर काढावा लागतो, आणि चोर तर सगळ्यात आधी तोच कापतो. म्हणून प्रत्येक गायीचे फोटो काढून ठेवायचे. डावी बाजू, उजवी बाजू, तोंड, बिल्ला आणि मालक शेजारी उभा असलेला एक. काळ्या-पांढऱ्या एचएफ या विलायती जातीच्या गायीच्या अंगावरचे डाग दुसऱ्या कुठल्याही गायीच्या डागांशी जुळत नाहीत. एवढंच कशाला, एकाच गायीची डावी बाजू तिच्या उजवीशी जुळत नाही. नवीन माणसाला शिकवताना मी पहिलं वाक्य हेच सांगायचे, की बाजू चुकली तर गाय चुकली. जर्सी गायी मात्र सगळ्या तांबूस, सगळ्या सख्ख्या बहिणी. तिथं कपाळावरचा भोवरा बघायचा.

हे सगळं मला कळायचं, गोठ्यातल्या माणसांना मात्र आपल्या गायीचा फोटो निघतोय एवढंच कळायचं. श्रीगोंद्याकडच्या एका गड्याने गायीवर आरशाची झूल घातली, शिंगांना गोंडे बांधले आणि तिला अंगणात आणून उभी केली. मी म्हटलं, "झूल काढा, डाग दिसत नाहीत." तो म्हणाला, "सकाळधरनं सजवतोय आन काढा म्हनता?" शेवटी दोन फोटो काढले. संघाला नुसती गाय, त्याला सजलेली. पुढच्या वेळी गेले तर त्याने तो फोटो फ्रेम करून मुलाच्या लग्नाच्या फोटोशेजारी लावला होता, आणि फ्रेम मुलाच्या फ्रेमपेक्षा मोठी होती.

पारनेरकडच्या एका म्हाताऱ्याने तर दारातच अडवलं. "फोटू काडू नगा. दृष्ट लागंल."

मी म्हटलं, "बाबा, हिला जन्मापासून अर्ध्या अंगाला तीट लावलेली आहे. हिला कसली दृष्ट लागतेय?"

म्हातारा हसला, कासरा माझ्या हातात दिला आणि चहा सांगायला आत गेला. गायीने लगेच ओढ घेतली आणि मी तिच्यामागे उकिरड्यापर्यंत गेले, ती गोष्ट वेगळी.

असे फोटो साठत गेले. ते सांभाळायला आमच्याकडे एक जुनं सॉफ्टवेअर होतं. प्रत्येक फोटोखाली मालक, गाव, बिल्ल्याचा नंबर, गायीची आई कोण, सगळं मी स्वतः टाइप केलेलं. टाळेबंदीत गोठ्यांवर जाणं बंद झालं तेव्हाही नोंदणी थांबवली नाही. गावोगावी निरोप धाडला, गायीसोबत स्वतःचा फोटो काढून मोबाईलवर पाठवा. लोकांनी हौसेने पाठवले. अख्ख्या जिल्ह्याने हात लांब करून गायीबरोबर सेल्फी काढला. काही गायी माणसांपेक्षा बऱ्या आल्या होत्या.

आणि एक दिवस ते जुनं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी आपलं दुकान बंद केलं. आमचा जुना कॉम्प्युटर धापा टाकत आधीच बंद पडला होता, आणि नव्या कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर उघडेचना. संघाने नवं सॉफ्टवेअर घेतलं आणि सगळे फोटो तिकडे न्यायला सावेडीच्या अमृता कुलकर्णी यांना बोलावलं. चाळिशीच्या आतबाहेरची बाई, स्कूटरवर यायची, हेल्मेट टेबलावर ठेवायची आणि आधी चहा मागायची. मला ती तेवढ्यावरूनच आवडली. तिचा पहिला नियम असा, की मूळ डिस्कला हात लावायचा नाही. तिची नक्कल काढायची, नकलेवर काम करायचं, आणि आधी एकच गाव हलवून बघायचं. शिकायला येणाऱ्या पोरांना मी कॅमेऱ्याबद्दल असंच बजावायचे, त्यामुळे आमचं जमलं.

एक गाव हलवलं. फोटो सगळे आले, पण एकाही फोटोखाली नाव नाही.

अमृताने मला समजावलं ते असं. बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतील तर बरणी कुठेही न्या, चिठ्ठी बरोबर जाते. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरने चिठ्ठ्या लावल्याच नव्हत्या, कुठल्या बरणीत काय ते स्वतःच्या डोक्यात ठेवलं होतं. आता बरण्या नव्या घरात आल्या होत्या आणि ते डोकं जुन्या घरात राहिलं होतं.

"म्हणजे माझ्या सगळ्या गायी बेवारस?" मी विचारलं.

"सध्या," अमृता म्हणाली आणि बिस्किट चहात बुडवलं.

नेमक्या त्याच दिवशी शमीमभाभी आल्या.

शमीम शेख कर्जत तालुक्यातल्या. नवरा मिरजगावकडे गॅरेजवर कामाला, शेती थोडी, आणि घर चालायचं ते गायीच्या दुधावर. त्यांच्याकडे आधी एक गाय होती, तिचा फोटो मी स्वतः जाऊन काढला होता. ती म्हातारी होऊन गेली, मागे तिची मुलगी राहिली. काळी-पांढरी, म्हणून नाव बांडी. त्या दारातच उभ्या राहिल्या, पदर डोक्यावरून घट्ट धरलेला.

"मॅडम, आमची बांडी नेली ओ कुणीतरी. रातच्याला दावं कापलं."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग त्यांनी पुढचं सांगितलं. शोधता शोधता गाय सापडली होती, सुप्याला. तिथल्या कारखान्यात कामाला असलेल्या बाळासाहेब नावाच्या माणसाच्या गोठ्यात. त्याने बाजारातून रीतसर घेतली होती, कानाला बिल्ला नाही हे बघून सुद्धा. बाजारात तसल्या गायी पुष्कळ असतात. भाभी ठाण्यात गेल्या, हवालदारांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, गाय तुमची आहे हे दाखवा.

"गायीनं हात चाटला माझा, त्यान्ला दाखवलं. हवालदार म्हनले, गाय कुनाचा बी हात चाटती. साक्ष न्हाई धरता येत तिची." भाभींनी पदराने डोळे पुसले. "गाभन हाय ती. तिथंच व्याली तर मग माझी ऱ्हाईल का? पोरान्च्या तोंडचं दूध गेलं, मॅडम. तुमच्याकडं फोटू हाय ना तिचा?"

फोटो होता. हजारो फोटोंमध्ये कुठेतरी होता, नावाशिवाय. मी अमृताकडे बघितलं आणि तिने बिस्किट खाली ठेवलं.

मी कामात रडारड करणारी बाई नाही, पण त्या दिवशी मला भयंकर राग आला. कुणावर, ते ठरवता येईना. जे सॉफ्टवेअर बंद पडलं त्याच्यावर रागावून उपयोग नव्हता. मी भाभींना म्हटलं, "फोटो मी शोधून देते. शब्द आहे माझा." अमृताने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. असा शब्द द्यायचा नसतो, असं ती नंतर म्हणाली. मी म्हटलं, दिला आता.

मग आम्ही दोघी कामाला लागलो. जुन्या सॉफ्टवेअरच्या पोटात शिरून अमृताने त्याचं ते डोकं बाहेर काढलं. सगळी नावं होती, पण कशी? टी, क्यू, कंस, उद्गारचिन्ह, पुन्हा क्यू. कुत्र्याने कीबोर्डवर झोप काढावी तशी. कारण मला लगेच कळलं. आम्ही टाइप करत होतो त्या काळात मराठीसाठी खास फॉन्ट घ्यावा लागायचा. पडद्यावर अक्षर मराठी दिसे, पोटात मात्र इंग्रजी. तो फॉन्ट काढला की मराठी गायब. सरकारी कचेऱ्यांपासून लग्नपत्रिका छापणाऱ्यांपर्यंत अख्ख्या महाराष्ट्राने हेच केलं होतं, त्यात आमच्या गायी कशा सुटणार?

अमृताने ती अक्षरं खऱ्या मराठीत आणणारा प्रोग्राम लावला. नावं उमटायला लागली तसं आम्ही दोघी पडद्यापुढे खुर्च्या ओढून बसलो. बबन, लक्ष्मीबाई, निसार, कारभारी. मग तिने ही नावं वेगळी न ठेवता थेट प्रत्येक फोटोच्या आतच लिहून टाकली, म्हणजे उद्या हेही सॉफ्टवेअर बंद पडलं तरी चिठ्ठी बरणीलाच चिकटलेली राहील. मध्येच नव्या सॉफ्टवेअरने अतिहुशारीने विचारलं, हे फोटो एकसारखे दिसतात, जास्तीचे पुसून टाकू का? त्याला सगळ्या एचएफ गायी एकच वाटत होत्या. मी अमृताचा हात धरला. एका बसलेल्या वासराला तर त्याने पांडा ठरवलं होतं. ते वासरू राशीनचं होतं.

अशी सगळी लायब्ररी नव्या घरात आली. मी पहिलं नाव टाकलं ते शमीम शेख. पडद्यावर फोटो आला. टाळेबंदीतला सेल्फी, बांडीचा आमच्याकडे असलेला तेवढा एकच. पुढे भाभींचा चेहरा, पदर डोक्यावर, ओठ मिटलेले, आणि मागे बांडीची अख्खी कूस. त्या कुशीवर चपलेसारखा मोठा काळा डाग, डागाच्या मधोमध पांढरं बेट, आणि मागच्या पायाच्या वर तीन काळे थेंब. मी टेबलावर हात आपटला आणि चहा सांडला. तो फोटो मोठा करून छापला, भाभींना फोन केला, आणि जीपवर हक्क सांगून सुप्याला निघाले.

आता त्या गोठ्यात काय झालं ते.

बाळासाहेबांचा गोठा स्वच्छ होता. माणूस पन्नाशीचा, कंपनीचा शर्ट अंगात, डोळ्याखाली रात्रपाळी. कुठे लपवाछपवी नाही. आम्हाला बघून त्याने स्वतःच बांडीला उजेडात आणून बांधलं. हवालदार आले होते. बांडी भाभींकडे बघून हंबरली आणि भाभींनी पदर तोंडाला लावला.

मी फोटो घेऊन गायीच्या बाजूला उभी राहिले. फोटोत गायीचं तोंड उजवीकडे, म्हणजे दिसते ती गायीची उजवी कूस. मी गायीच्या उजव्या बाजूला गेले. ती जवळपास सगळी काळी होती. ना चपलेचा डाग, ना बेट, ना थेंब.

मी डावीकडे गेले. डाग होता. तसाच मोठा, तसंच पांढरं काहीतरी मध्ये. पण फोटोशी धरून बघितला तर काहीच जागेवर बसेना.

बाळासाहेब हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, डाग हाय तसा. पन फोटूत उजव्या अंगाला हाय अन् हिचा डाव्या."

हवालदार माझ्याकडे बघत राहिले. "मॅडम, तुम्ही नोंदणीच्या. तुम्हीच सांगा. हीच का ती गाय?"

बाजू चुकली तर गाय चुकली, हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं होतं. ते आता माझ्याच तोंडून भाभींच्या विरोधात निघणार होतं. मी म्हटलं, "फोटोवरून नाही सांगता येत."

 भाभींनी गायीच्या मानेवरून हात फिरवला, आणि फाटकाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. परतताना मी त्यांना जीपने कर्जतच्या फाट्यापर्यंत सोडलं. उतरताना म्हणाल्या, "मी माझी गाय वळकीत न्हाई का, मॅडम?" 

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी तोच फोटो पुढ्यात घेऊन बसले होते. अमृता आपलं काम करत होती. नव्या सॉफ्टवेअरला एक खोड होती. ते माणसांचे चेहरे ओळखून गोळा करायचं. आम्हाला त्याचा उपयोग नव्हता, आमची मंडळी चार पायांची. पण ते मधूनमधून दोन चेहरे शेजारी ठेवून विचारायचं, ही एकच व्यक्ती आहे का? अमृता एकीकडे डबा खात दुसऱ्या हाताने हो, हो, नाही, हो करत होती.

आणि पडद्यावर शमीमभाभी आल्या. दोन चौकटींत दोन. एका चौकटीत मी काढलेला जुना फोटो, बांडीच्या आईशेजारी उभं असतानाचा. दुसऱ्या चौकटीत तो सेल्फी. खाली प्रश्न, ही एकच व्यक्ती आहे का?

अमृताचं बोट हो वर जात होतं. मी म्हटलं, "थांब."

भाभींच्या नाकात चमकी आहे, खड्याची. माझ्या फोटोत ती डाव्या नाकपुडीत होती. सेल्फीत उजव्या. ऑफिसात माझ्यासमोर बसल्या होत्या, रडल्या होत्या, तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते. डावीतच होती.

"अमृता, बाईने नाक बदललं का?"

अमृताने डबा बाजूला सारला. पडद्याच्या अगदी जवळ गेली, मग स्वतःचा मोबाईल उचलला, तोंडासमोर धरला, मनगट गालाला लावून सेल्फी काढला आणि मला दाखवला. तिचं घड्याळ डाव्या हातात असतं. फोटोत ते उजव्या हातात होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "बऱ्याच मोबाईलमध्ये पुढचा कॅमेरा आरशासारखा असतो. दिसतं ते उलटं, आणि जपूनही तसंच उलटं ठेवतो. गाय बरोबर आहे. फोटो उलटा आहे."

मी उभी राहिले, खाली बसले, पुन्हा उभी राहिले. आम्हीच निरोप धाडला होता, गायीसोबत स्वतःचा फोटो काढा. गायीसोबत स्वतःचा म्हटल्यावर माणूस मोबाईल आपल्याकडेच फिरवणार. तोंडं उलटी झाली हे कुणाला कळलं नाही, कारण स्वतःचं तोंड माणूस आरशात तसंच बघत आलेला असतो. बैलगाडीपासून कंबाईनपर्यंत सगळं बघितलेल्या जिल्ह्याने आपल्या गायी आरशातून नोंदवल्या होत्या.

अमृताने एक बटण दाबलं. फोटो फिरला. बांडीचं तोंड डावीकडे आलं, आणि भाभींची चमकी आपल्या जागेवर गेली. मला मुळात नाचता येत नाही, म्हणून मी अमृताच्या पाठीत एक गुद्दा घातला.

या वेळी सुप्याला जाताना मी भाभींना त्यांचा मोबाईल बरोबर आणायला सांगितला. कशाला ते सांगितलं नाही. एकदा शब्द देऊन पोळले होते. अमृताही आली, हेल्मेट मांडीवर घेऊन जीपमध्ये बसली.

हवालदारांना आधी पटेना. "फोटो तुम्हीच फिरवून आणला म्हणता, मग मी काय धरायचं?" प्रश्न रास्त होता. मी भाभींचा मोबाईल घेतला, पुढचा कॅमेरा लावला आणि त्यांच्या हातात दिला. "साहेब, याच मोबाईलवर काढलेला फोटो आहे. तुमचा एक काढा."

ते जरा लाजले. मग हात लांब करून काढला. छातीवरची नावाची पट्टी फोटोत उलटी आली होती. स्वतःचंच नाव त्यांना वाचता येईना. त्यांनी मोबाईल जवळ धरला, लांब धरला, मान तिरकी केली, आणि मग टोपी काढून काखेत धरली. "व्हय की," ते म्हणाले. "इतकी वर्सं मी असा उलटा फिरतोय व्हय मोबाईलमधी?"

मी सरळ केलेला फोटो बाळासाहेबांच्याच हातात दिला. मला मुद्दाम तोच माणूस हवा होता. ते बांडीच्या डाव्या बाजूला गेले. फोटो तिच्या पाठीला लावून धरला आणि बोटाने डागाची कड धरून चालले, चपलेच्या टाचेपासून अंगठ्यापर्यंत. बांडीची कातडी थरथरली. मग पांढऱ्या बेटावर बोट ठेवलं. मग मागच्या पायावरचे थेंब, एकेक.  बोट थेंबांवर थांबलं आणि तिथंच राहिलं.

"भाभी," ते म्हणाले, "गाय तुमची हाय. माझी चूक झाली, बिल्ला नसताना घेतली."

त्यांनी स्वतःच दावं सोडलं आणि भाभींच्या हातात दिलं. भाभींनी ते घेतलं, मनगटाला दोन वेढे घेतले, आणि मग त्यांना रडू आलं. मलाही आलं. अमृता म्हणाली मला नाही आलं, पण तिने चष्मा पुसला हे मी बघितलं आहे.

बाळासाहेब गव्हाणीपाशी उभे होते. चांगल्या माणसाचं नुकसान झालं की जिंकल्याचा आनंद थोडा लाजतो, तसं आमचं झालं होतं. ते भाभींनी ओळखलं. दावं धरूनच म्हणाल्या, "दादा, वैरन तुमची खाल्लीय तिनं. गाभनी गायीला तुमी उपाशी न्हाई ठिवलं. कालवड झाली तर ती तुमची."

"आन गोऱ्हा झाला तर?"

"तर फुडच्या वेताची कालवड. बांडीच्या आईनं बी कालवडीच दिल्या लई, काळजी करू नगा."

हवालदार म्हणाले, हे काही कागदावर घ्यायचं का? दोघांनीही त्यांच्याकडे असं बघितलं की ते टोपी घालून बाहेर गेले. दावं कापणारा शेवटपर्यंत सापडला नाही, याची मात्र मला आजही चुटपुट आहे. बांडीचा फोटो आमच्याकडे होता, त्याचा नव्हता.

नंतर अमृताने आणि मी टाळेबंदीतले सगळे सेल्फी तपासले. फोटो सरळ की उलटा हे गायीकडे बघून कळत नाही, शेजारच्या माणसाकडे बघून कळतं. पुरुषांच्या शर्टाचा खिसा डावीकडे असतो. बायकांचा पदर, चमकी, हातातलं घड्याळ. एकेक खिसा बघत आम्ही जिल्ह्याच्या गायी सरळ करत गेलो. एका पैलवानाचा शर्टच नव्हता, तिथं भिंतीवरच्या कॅलेंडरने वाचवलं. माझ्या नोकरीतलं सगळ्यात आवडतं काम कुठलं विचाराल, तर हे. लायब्ररी नुसती नव्या घरात गेली नाही, तिथं जाऊन खरी झाली. निवृत्तीच्या भाषणात कुणी हे बोललं नाही, म्हणून मीच बोलले. भाषण लांबलं, पण खाली बसायला मला कुणी सांगितलं नाही.

बांडीला कालवड झाली. आईसारखीच काळी-पांढरी, पण डाग सगळे स्वतःचे. ती आईच्या दुधावरून तुटली तेव्हा भाभी तिला टेम्पोत घालून सुप्याला घेऊन आल्या, आणि तिची नोंद ही माझी नोकरीतली शेवटची नोंद झाली. मी बाळासाहेबांच्या गोठ्यात गुडघ्यावर बसून तिची डावी बाजू काढली, उजवी काढली, तोंड काढलं, बिल्ला काढला. तिनेही काच चाटली. या वेळी मी चाटू दिली.

मालकाबरोबरचा फोटो राहिला होता. बाळासाहेब नवा शर्ट घालून उभे राहिले आणि त्यांनी भाभींनाही बोलावलं. "तुमी बी या, आई तुमच्याकडंच हाय हिची." भाभी आल्या, पदर नीट केला. मी कॅमेरा डोळ्याला लावला तशा त्या म्हणाल्या, "थांबा, मॅडम. माझी चमकी कुठल्या अंगाला दिसती?"

"डाव्या."

"मग काढा," भाभी म्हणाल्या.